सदलग्याचा पत्ता

माझ्याकडं शिकायला येणाऱ्या पोरांना पहिला अर्धा तास मी चाचणीच्या कागदाला हात लावू देत नाही. समोर फक्त केसपेपर ठेवते आणि त्यावरचं पेशंटचं पूर्ण नाव मोठ्यानं वाचायला लावते. आधी स्वतःचं, मग मधलं, मग आडनाव. त्यानंतर घरात कोण कोण आहे ते. पोरं एकमेकांकडं बघतात. एवढं शिकून आलेल्यांना नाव वाचायला लावणारी ही कोण म्हातारी, असं त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसतं. दिसू दे. ही सवय मला फुकट लागलेली नाही.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. बेळगावच्या हॉस्पिटलात तीस वर्षं हेच काम करते आहे आणि तीस वर्षं लोक मला फिजिओ म्हणतात. टिळकवाडीत आमच्या शेजारी राहणाऱ्या वकीलसाहेबांना मी चार वेळा समजावून सांगितलं, की मोडलेला हात वर किती जातो हे फिजिओ बघतो आणि त्या हातानं तुम्ही शर्टाची बटणं लावता का हे मी बघते. ते अगदी मन लावून ऐकतात आणि दुसऱ्या दिवशी फाटकातून "काय फिजिओ मॅडम" अशी हाक मारतात. आता मी तो नाद सोडला आहे.

हाताबरोबर डोक्याकडंही बघावं लागतं. बटण कशासाठी असतं हेच माणूस विसरत चालला असेल, तर नुसत्या बोटांना व्यायाम देऊन काय होणार? त्यासाठी एक छोटी चाचणी असते. पंधरा मिनिटांची, तीस गुणांची. आज वार कोणता, आपण बसलोय ते ठिकाण कोणतं, विसातून तीन-तीन वजा करत जा, एवढं लक्षात ठेवा आणि थोड्या वेळानं परत सांगा, असले प्रश्न. त्यातून आजार कळत नाही. पुढं नीट तपासणी करायला हवी का, इतकंच कळतं. तरुण थेरपिस्टना ही चाचणी घ्यायला शिकवण्याचं काम माझ्याकडं आहे. मी ते कडकपणे करते, आणि ही गोष्ट घडली त्या काळात तर मी फारच कडक होते. कागदावर जे लिहिलंय तेच शब्द वाचायचे. पेशंटला सुचवायचं नाही, सावरायचं नाही, "असू दे हो आज्जी" म्हणून गोड बोलायचं नाही. अडला तर प्रश्न पहिल्यापासून परत वाचायचा. तीनदा वाचून उत्तर आलं नाही, की शून्य. "तुम्हाला दया दाखवायला पाठवलेलं नाही, मोजायला पाठवलंय," हे वाक्य मी प्रत्येक तुकडीला ऐकवत असे. मला ते फार आवडायचंही.

तर हा कागद. कन्नडमधला आमच्याकडं तयार होता. पण निपाणी, खानापूर, चिकोडीच्या बाजूनं येणारी कितीतरी म्हातारी माणसं घरात मराठी बोलतात, आणि आपल्या आठवणीची परीक्षा तरी आपल्या भाषेत व्हावी एवढा त्यांचा हक्क आहेच. विभागात इथल्या मराठीतला कागद करायचं ठरलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. पडलं कसलं, मीच पुढं होऊन मान दिली.

त्यात लक्षात ठेवायचा एक पत्ता होता. माणसाचं नाव आणि त्याचं घर, असे पाच भाग. मला मिळालेल्या नमुन्यात तो माणूस कुठल्याशा मोठ्या शहरात, सोसायटीच्या बी विंगमध्ये राहत होता. आता चिकोडी तालुक्यातल्या पंचाहत्तरीच्या बाईला बी विंग कुठून लक्षात राहणार? मी त्या माणसाला उचललं आणि सदलग्याला आणून बसवलं. घर नंबर बेचाळीस, बाजार गल्ली, वडाजवळ, सदलगा. नावही बदललं. शहरी नाव काढून त्या पिढीतलं, इथल्या मातीतलं नाव घातलं. गल्लीत उभं राहून हाक मारली तर चार म्हातारे वळून बघतील असं. ते नाव इथं लिहीत नाही. का, ते पुढं कळेलच. पण तेव्हा मी त्या नावावर इतकी खूश होते, की घरी नवऱ्याला दोनदा वाचून दाखवलं. तो म्हणाला, "छान आहे, माझ्या काकाचंच नाव आहे." मला ती शाबासकी वाटली.

निपाणीच्या आक्का आमच्याकडं आल्या त्या उजवं मनगट मोडून. मागच्या दारी कपडे धुवायच्या दगडावर पाय घसरला आणि हातावर पडल्या. प्लास्टर निघाल्यावर दर बुधवारी त्या एकट्या एस्टीनं बेळगावला यायच्या. डाव्या हातात पिशवी, पिशवीत भाकरी आणि पानात बांधलेली चटणी. चाळीस वर्षं विड्या वळून त्यांनी घर चालवलं होतं. नवरा तंबाखूच्या वखारीत होता, त्याला जाऊन आठ वर्षं झाली होती. बोटांच्या व्यायामाला आम्ही मऊ माती देतो, ती त्यांना मुळीच आवडत नसे. "ही मळून काय भाकरी व्हनार हाय व्हय?" असं म्हणून दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी पिशवीतून विडीची कापलेली पानं काढली. तंबाखूशिवाय नुसती पानं वळायची. त्या आठवड्यात किती जमली यावरून आमची प्रगती ठरायची. इतका गुणी पेशंट मला वर्षा-दोन वर्षांतून एखादा मिळतो.

त्यांचा मुलगा पुण्याला कंपनीत. माणूस चांगला. दर आठवड्याला फोन करून हात कसा आहे विचारायचा. एकदा जरा घुटमळत म्हणाला, "मॅडम, आईचं डोकं ठीक आहे ना? मागच्या महिन्यात गॅसवर दूध ठेवून विसरली, भांडं जळून काळं झालं. शेजारच्यांनी धूर बघितला म्हणून बरं. आणि वर हे पडणं. एकदा तपासून घ्या. तसं काही असेल तर घर बंद करून तिला इकडंच घेऊन येतो." यात चुकीचं काय होतं? मी त्याच्या जागी असते तर मीही हेच विचारलं असतं.

आक्कांना मी सांगितलं, पुढच्या बुधवारी आठवणीची एक परीक्षा घ्यायची आहे. त्यांनी वळलेलं पान खाली ठेवलं.

"लेकानं सांगटलंय न्हवं? घ्या, कसली बी परीक्षा घ्या. पर म्याडम, मला पुण्याला धाडू नगासा. तितं चौथ्या मजल्यावर दार लावून बसायचं. सून कामावर, नातवं शाळंत. हितं माजं दार दिवसभर उघडं असतंय. येनारं-जानारं कुनीतरी 'आक्का' म्हनतंय."

मी त्यांना धीर दिला. परीक्षा अगदी सोपी आहे म्हणाले.

त्या बुधवारी माझ्याकडं पाच जणांची तुकडी शिकत होती. आक्कांची चाचणी त्यांच्यातल्या एका मुलीनं घ्यायची, बाकीच्या चौघांनी आणि मी मागं बसून आपापल्या कागदावर गुण द्यायचे, असं ठरवलं. आक्कांना विचारलं, त्या म्हणाल्या, बसू देत की पोरं. मुलगी खानापूरकडच्या शेतकरी घरातली, शांत, हात चांगला. माझा नियम तिनं तोंडपाठ केला होता.

सुरुवात झकास झाली. आक्कांनी वार सांगितला. तारखेऐवजी तिथी सांगितली, आणि ती बरोबर होती. अशा उत्तराला गुण द्यायचे हे मी आधीच शिकवलं होतं, तेवढी शहाणी मी होते. विसातून तीन-तीन वजा करताना तर त्या मुलीच्या पुढं निघून गेल्या. विड्यांचे कट्टे मोजलेली बाई ती. मग पत्ता आला. मुलीनं नाव वाचलं, घर नंबर वाचला, सदलग्यापर्यंत गेली आणि म्हणाली, "आता तुम्ही म्हणा."

 आक्का खाली बघत हळूच म्हणाल्या, "बेचाळीस नंबर..."

मुलीनं माझ्याकडं बघितलं. मी बोट फिरवून खूण केली, पहिल्यापासून.

तिनं परत सगळं वाचलं. आक्कांनी पदर तोंडाशी नेला आणि हसल्या. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा हसूही गेलं. त्यांनी खिडकीकडं तोंड केलं आणि त्यानंतरच्या एकेका प्रश्नाला "ठाव न्हाय", "ठाव न्हाय" एवढंच म्हणत राहिल्या. शेवटी परत पत्ता विचारायचा असतो, तेव्हा तर मानच हलवली. मला मनापासून वाईट वाटलं. पण वाईट वाटण्याला गुण नसतात, हेही माझंच वाक्य होतं.

आम्ही कागद गोळा केले. तीसपैकी तेरा. सहाच्या सहा कागदांवर तेराच. गुण सारखे येणं ही प्रशिक्षणाची खरी कसोटी, आणि इथं एका गुणाचाही फरक नव्हता! मी त्या पाच जणांचं तोंडभरून कौतुक केलं. मुलीनं मात्र कागदाच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलं होतं: पत्त्याच्या वेळी पदर तोंडाशी, हसल्या, लाजल्यासारख्या. मी तिला ते खोडायला लावलं. "गोष्टी लिहायच्या असतील तर दिवाळी अंकाला पाठव," असं चारचौघांत म्हणाले. सगळे हसले. ती हसली नाही, खोडरबर शोधायला लागली.

इंग्रजीत लिहिलेल्या अहवालावर मी सही केली आणि एक प्रत मुलाला पाठवली. मुलाला फोनवर सांगितलं, की गुण कमी आहेत, डॉक्टरांकडून पुढची तपासणी करावी लागेल. तेरा हा आकडा ऐकल्यावर त्यानं पुढचं फारसं ऐकलं नाही. "तपासणी पुण्यातच करतो मॅडम," म्हणाला. "सुट्टी टाकतो आणि पुढच्या शनिवारी गाडी घेऊन येतो. तिला आता एकटी ठेवायची नाही." नंतरच्या बुधवारी आक्का आल्या नाहीत.

त्या आठवड्याच्या शुक्रवारी दुपारी मी तुकडीची कागदपत्रं फाइलला लावत होते. कंटाळवाणं काम. प्रत्येक अहवालाला त्या पेशंटच्या केसपेपरची प्रत जोडायची. आक्कांचा केसपेपर हातात आला आणि त्यावर चाचणीचा कागद ठेवताना दोन्ही कागदांवर मला एकच शब्द दिसला. एका कागदावर तो सदलग्याच्या माणसाचं नाव होता. दुसऱ्यावर, "पतीचे नाव" या रकान्यात, नोंदणीच्या कारकुनानं ठळक अक्षरात लिहिलेला.

मी खुर्चीत बसले ती उठेचना. 

त्या बाईला आम्ही, चार परक्या पोरांच्या देखत, तीन-तीनदा सांगत होतो की नवऱ्याचं नाव घे. आणि ती घेत नाही म्हणून तिला डोक्यानं अधू ठरवलं. माझी आई वडगावात मागावर बसणाऱ्या विणकराची बायको. साठ वर्षं संसार केला, पण तिच्या तोंडून वडिलांचं नाव मी कधी ऐकलं नाही. रेशनच्या दुकानात नाव विचारलं की ती मला पुढं ढकलायची आणि मी सहा-सात वर्षांची पोर मोठ्या ऐटीत सांगायची. हे सगळं मला ठाऊक होतं. मी स्वतः नवऱ्याला अरे-तुरे करते, नाव घेऊन ओरडते, म्हणून का ते ठाऊक असलेलं सगळं नाहीसं झालं? बी विंगमधल्या शहरी माणसाचं नाव आक्कांनी खुशाल घेतलं असतं. मी हुशारी करून त्यांच्या पिढीतलं, इथलं, चार म्हातारे वळून बघतील असं नाव निवडलं होतं. त्या चार म्हाताऱ्यांना बायका असतील हे माझ्या ध्यानात आलं नाही.

आधी मी मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "उद्या सकाळी निपाणीत पोचतो, दुपारी तिला घेऊन निघायचं."

"मी येईपर्यंत निघू नका."

"काही गंभीर आहे का मॅडम?"

"आहे. पण तुमच्या आईचं नाही, माझं."

मग त्या मुलीला फोन केला. ऐकून ती म्हणाली, "मॅडम, मला वाटलंच होतं. आमची आजीपण असंच करते. पण तुम्ही..." आणि पुढचं तिनं गिळलं. मी म्हणाले, "मी खोडायला लावलं. चुकलं माझं. उद्या सकाळी स्टँडवर ये."

तीच चाचणी, तेच प्रश्न परत घेता येत नाहीत; पेशंटला पाठ झालेले असतात. दुसरा कागद हवा होता. माझ्याकडं पर्यायी प्रश्न होते, पण पत्ता नव्हता. निपाणीच्या एस्टीत बसून आम्ही दोघींनी तो केला. मी एक नाव सुचवलं, मुलगी म्हणाली, सासऱ्याचं असलं तर? मी दुसरं सुचवलं. ती म्हणाली, दिराचं असलं तर? संकेश्वर येईपर्यंत आमची सगळी नावं संपली. "मॅडम, नावच नको," ती म्हणाली. "कासार म्हणू या. बांगड्या भरणारा कासार. त्याला कुणाची ना नाही." मी वहीत लिहून घेतलं. तीस वर्षांच्या अनुभवाला ते सुचलं नव्हतं.

आक्कांच्या गल्लीत शिरतानाच पांढरी गाडी दिसली. डिकी उघडी होती, आत पत्र्याची ट्रंक आणि गुंडाळलेलं अंथरूण. आक्का उंबऱ्यावर बसल्या होत्या. अंगावर चांगलं लुगडं, मांडीवर दोन्ही हात. पलीकडच्या घरातल्या दोन बाया निरोपाला येऊन उभ्या होत्या. मला बघून आक्कांनी तोंड फिरवलं. ते मला फार लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

मुलगा बाहेर आला. "बसा की मॅडम," म्हणून त्यानं खुर्ची दिली. मी खुर्चीवर न बसता आक्कांच्या शेजारी उंबऱ्यावर बसले.

"आक्का, चूक माझी झाली. तो सदलग्याचा माणूस खरा नाही. तो मी बनवलाय, आणि त्याचं नावही मीच ठेवलं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. 

"तुमी ठिवलं व्हय? मला वाटलं, सरकारनं ठिवलंय."

शेजारच्या बाया फिसकन हसल्या. आक्का मात्र गंभीरच होत्या. त्यांच्या मनात दहा दिवस साचलेलं आता बाहेर यायला लागलं.

"म्या म्हनलं, आमच्या मालकाचं नाव ह्यास्नी कुटनं घावलं? आन त्येंचं घर सदलग्याला कशापायी? बेचाळीस नंबर, बाजार गल्ली, वडाजवळ. आमचं कुनी बी न्हाय सदलग्यात. म्या सारकी इच्यार करतीया, ह्यो दुसरा कोन म्हनायचा? आन समदी पोरं म्होरं बसलेली. ती पोरगी म्हनती, घ्या नाव, घ्या नाव. लाज वाटंल का न्हाय मानसाला?"

मुलीनं माझ्या दंडाला धरलं. दहा दिवसांनी, कुणी न विचारता, आक्कांनी तो पत्ता जसाच्या तसा सांगितला होता. एक नाव सोडून एकही भाग चुकला नव्हता. ज्या गोष्टीला आम्ही सहा जणांनी मिळून शून्य दिलं होतं, ती गोष्ट त्या घरात, एस्टीत, बाजारात घेऊन फिरत होत्या. माझा जीव भांड्यात पडला. डोळ्यांत पाणी आलं ते मी लपवलं नाही.

तरी चाचणी रीतसर घेतलीच. शेजारणींना घरी पाठवलं, मुलाला घरामागच्या परड्यात बसायला सांगितलं, आणि मुलीनं नवा कागद काढला. आक्का आधी जरा बिचकत होत्या. पण कासार ऐकल्यावर त्यांचा चेहरा सैल झाला. कासाराचा पत्ता त्यांनी पहिल्याच वाचनात सगळा सांगितला. दहा मिनिटांनी परत विचारला तेव्हा पाचांतले चार भाग आले. पाचवा आठवेना तेव्हा "थांबा, थांबा, सांगू नगासा" म्हणून कपाळाला हात लावून बसल्या आणि शेवटी तोही सांगितला. सव्वीस गुण झाले. मुलीनं बेरीज तीनदा केली. मी चौथ्यांदा केली.

नुसत्या गुणांवर आता माझाही विश्वास उरला नव्हता. म्हणून आक्कांना म्हटलं, चहा करा. आमच्या कामात माणसाला काम करताना बघणं हीच खरी तपासणी. त्यांनी डाव्या हातानं पातेलं उचललं, उजव्या हातानं हळूहळू लायटर दाबला, साखरेचा डबा मनगट न पिळता उघडला. ती युक्ती आम्हीच शिकवली होती. चहा उकळल्यावर गॅस बंद केला आणि सिलिंडरचं बटणही फिरवलं. मुलगा दारात उभा राहून बघत होता.

"मग ते दूध, आये?" तो म्हणाला. "भांडं जळलं ते?"

"त्या दिशी फोन कुनाचा आलता?" आक्का चहा गाळता गाळता म्हणाल्या. "आत तुजा फोन लागत न्हाय. म्या भायेर वसरीत येऊन बसले. तू तासभर बोललास, घर बंद करूया, घर बंद करूया. दूद कोन बगनार?"

मुलानं आमच्याकडं बघितलं, आईकडं बघितलं आणि तिथंच पाटावर खाली बसला. चहाचा कप हातात घेतला तरी पीत नव्हता. मग एकदम म्हणाला, "मॅडम, चार दिवस मला जेवण गेलं नाही. आईला इथनं उचलून न्यायची म्हणजे... तिचं तोंड बघवत नव्हतं. पण तुम्ही तेरा म्हणालात."

"म्हणाले," मी म्हणाले. "ते तेरा माझे होते." मी त्याला खरं काय ते सांगितलं. आज काळजीचं काही दिसत नाही, पण चाचणी ही चाचणीच असते, सहा महिन्यांनी परत बघू. फोन आत लागत नसेल तर फोनवर जाताना गॅस बंद करायची सवय लावू. धुण्याच्या दगडाजवळ धरायला एक दांडी बसवून घ्या. तो प्रत्येक गोष्टीला मान हलवत होता. जुना अहवाल चुकीचा आहे आणि का चुकीचा आहे, हे मी सोमवारी डॉक्टरांना लेखी देणार होते, आणि त्या पाच जणांना तोंडी. तेही त्याला सांगितलं. ते सांगताना मला हलकंच वाटलं, याचं मला नवल वाटलं.

आम्ही निघायला उठलो तर आक्कांनी मुलीचा हात धरला. "त्यो आदीचा कागुद विंग्रजीत हुता. ह्याला कळला, मला न्हाय. आता मराठीत लिवून द्या."

वहीचं पान काढून मी सरळ लिहिलं, की या बाईंची आज तपासणी केली, त्यांची आठवण चांगली आहे, आणि त्या आपल्या घरी एकट्या राहू शकतात. खाली सही केली. वर त्यांचं नाव लिहिलं, पण नुसतं त्यांचं आणि आडनाव. मधली जागा मी मुद्दाम सोडली. नव्यानं आलेली अक्कल मी लगेच वापरून टाकली होती.

मुलीनं कागद वाचून दाखवला. आक्का मान खाली घालून ऐकत होत्या.

"नाव अर्दंच हाय. मदलं कुटं गेलं?"

"आक्का, आम्हाला वाटलं, तुम्हाला आवडणार नाही."

"तोंडानं म्या घेत न्हाय. कागदावर का नसावं?" त्यांनी हात फिरवून भिंती दाखवल्या. "ह्ये घर त्येनी बांदलंय. त्येंच्या नावाबिगर म्या ह्या घरात कशी ऱ्हानार?"

मी पेन घेतलं आणि मधल्या जागेत ते नाव लिहिलं. मुलीनं कागद पुन्हा वाचला. या वेळी पहिल्यापासून, पूर्ण नावानिशी, एकट्या राहू शकतात इथपर्यंत. आक्कांनी तो तिच्या हातातून घेतला आणि मुलाकडं दिला. त्यानं तो मनात एकदा वाचला, घडी घालून आईच्या हातात परत ठेवला आणि बाहेर गाडीकडं गेला. ट्रंक जड होती. ती दोन्ही हातांनी उचलून तो आत आला आणि विचारायला लागला, "आये, कुठं ठेवू?"